होस्ट फॅमिलीत पाच आठवडे झाले, अजून पाहुण्यासारखंच वाटतंय, काय करू?

प्रश्न बराच मोठा आहे म्हणून आधी थोडक्यात सांगते. चोवीस वर्षांची मुलगी, एका संस्थेतर्फे वर्षभरासाठी परदेशात व्हॉलंटियर म्हणून गेलीये, शाळेत शिकवायचं काम आहे, आणि राहायला होस्ट फॅमिली, म्हणजे तिथलंच एक कुटुंब दिलंय. घरात आईवडील, दोन मुलं आणि एक आजी, जी दिवसभर दारात खुर्ची टाकून बसलेली असते. पहिले दोन आठवडे मस्त गेले. आता कामावरून आली की ती रूममध्ये जाऊन दार लावून घेते, जेवायला बोलावलं की पोटात गोळा येतो, बाहेर निघाली की घरातला प्रत्येक जण कुठे चाललीस, कधी येणार विचारतो, मुलं न विचारता खोलीत घुसतात, आई कुठल्याच कामाला हात लावू देत नाही, आणि आता तिला वाटायला लागलंय की घरच्यांना आपण नकोसे झालोय. घर बदलून मागू की सगळं सोडून परत जाऊ, असं विचारलंय.

मी स्वतः दोन घरांत मिळून पावणेदोन वर्षं अशी राहिलेय आणि त्यानंतर चौदा वर्षं व्हॉलंटियर्सना होस्ट घरांत ठेवायचं, दर महिन्याला जाऊन बघून यायचं, दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायचं हेच काम केलंय. त्यामुळे तुला तू-तू करूनच लिहिते, राग मानू नकोस.

पहिली गोष्ट, पाचव्या आठवड्यात कुठलाही मोठा निर्णय घेऊ नकोस. घरात काही धोक्याचं असेल तर गोष्ट वेगळी, ते खाली लिहिलंय, ते आधी वाच. पण तू जे लिहिलंयस त्यात धोका दिसत नाही, थकवा दिसतो. आणि थकणारच ग. दिवसभर कान टवकारून ऐकायचं, समोरचा हसला तर का हसला याचा अंदाज बांधायचा, चप्पल कुठे काढायची, नळ कसा उघडतो, बाथरूममध्ये कोण आधी जातं, अशा शंभर गोष्टींवर डोकं चालवायचं ज्या आपल्या घरात आपोआप होतात. रात्री आठला डोळे मिटायला लागतात ते आळसाने नाही.

कॅलेर्व्हो ओबर्ग नावाचे एक मानववंशशास्त्रज्ञ होते, ब्राझीलमध्ये अमेरिकेच्या तांत्रिक मदतीच्या कामावर होते. १९५४ मध्ये त्यांनी रिओ दि जानेरोत बायकांच्या एका क्लबमध्ये भाषण दिलं, परदेशात येऊन राहणाऱ्यांना काय होतं यावर, आणि कल्चर शॉक हा शब्द बऱ्याच अंशी त्या भाषणामुळे सगळीकडे गेला. त्यात त्यांनी लक्षणं सांगितली होती ती मी प्रत्येक नव्या बॅचला सांगते, कारण ती इतकी रोजची आहेत की लोकांना ती लक्षणं वाटतच नाहीत. सारखे हात धुणं, पाण्याची आणि अंथरुणाची नको इतकी काळजी, शून्यात बघत बसणं, थोडा उशीर झाला की खूप चिडणं, सगळे आपल्याला फसवतायत असं वाटणं, अंगावर बारीक पुरळ आलं तरी घाबरणं, आणि घरी जायची भयंकर ओढ. तू लिहिलंयस की परवा टॉवेल दुसऱ्याच खुंटीवर दिसला म्हणून तू रडलीस. ते टॉवेलसाठी नव्हतं.

आता ओरिएंटेशनमध्ये तुला परदेशात मन कसं रुळतं त्याचा तो ग्राफ दाखवला असेल, आधी वर, मग खाली, मग परत वर. तो लिसगार नावाच्या नॉर्वेच्या संशोधकाच्या १९५५ च्या अभ्यासातून आला, अमेरिकेत राहून आलेल्या दोनशे नॉर्वेजियन लोकांवरचा. नंतर कॉलीन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये न्यूझीलंडला गेलेल्या जपानी विद्यार्थ्यांना वर्षभर तपासलं तर त्रास सगळ्यात जास्त अगदी सुरुवातीलाच निघाला, सुरुवातीचा आनंदाचा हनिमून वगैरे काही नाही. म्हणजे सगळ्यांना लागू पडेल असं वेळापत्रक नाहीये. हे एवढ्यासाठी सांगते की काही जणी कॅलेंडर बघत बसतात, तिसरा महिना झाला, अजून माझा ग्राफ वर का जात नाही, माझ्यातच काही कमी आहे का. तसं काही नसतं.

बरं, मुद्द्यावर येते. तुझ्या प्रश्नातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तू जाता जाता लिहून टाकलंयस, आई कुठल्याच कामाला हात लावू देत नाही. माझ्या मते बाकीच्या निम्म्या तक्रारी तिथूनच निघतात.

बघ, कुठल्याही घरात प्रत्येकाला काहीतरी काम असतं, अगदी सहा वर्षांच्या पोराला पण, जा रे ताटं घे, जा रे आजीला हाक मार. ज्याला काहीच काम नाही तो पाहुणा. आणि पाहुण्याचं काय करतात, त्याला खाऊ घालतात, त्याच्याकडे लक्ष ठेवतात, त्याला काही हवं का विचारतात, आणि तो घरात असेपर्यंत स्वतः पाय पसरून बसत नाहीत. चार दिवस दोघांनाही छान वाटतं. पाच आठवडे हे चाललं तर दोन्ही बाजू दमतात. तू विचार करत्येस की मी यांना कसलाच त्रास देणार नाही, काही मागणार नाही, आवाज करणार नाही, खोलीत राहीन, आणि त्या सगळ्यामुळे तू जास्तच पाहुणी होत चाललीयेस.

घरच्यांना मी नकोशी झाले असं तू ज्यावरून म्हणतेस ते मी परत वाचलं. पहिल्यासारखं नीट टेबल मांडत नाहीत, माझ्यासमोर आपापसात भांडतात, टीव्ही लावून बसतात, माझ्याशी मुद्दाम बोलायला येत नाहीत. अग, हे मी किमान तीस-चाळीस घरांत बघितलंय, चौथ्या-पाचव्या आठवड्यात घरचे लोक होस्टगिरी करायचं थांबवतात, त्यांनाही त्यांचं आयुष्य आहे, आणि तुझ्यासमोर भांडले म्हणजे तुझी भीड चेपली. तुला ते दार बंद झाल्यासारखं वाटतंय, त्यांच्या बाजूने ते उघडलंय. फक्त आत आल्यावर बसायचं कुठे हे तुला कोणी सांगितलेलं नाही, आणि ती जागा कामानेच मिळते.

काम कसं मिळवायचं, तर मी काही मदत करू का असं विचारू नकोस. याचं उत्तर नेहमी नको असंच येणार, कारण त्या बाईला एका क्षणात ठरवायला लागतं की हिला कामाला लावणारी मी कशी दिसेन. विचारायच्या ऐवजी एक छोटं, रोजचं, ठरलेल्या वेळेचं काम बघ, जे केल्याने कोणाचा अधिकार जात नाही. जेवण झाल्यावर ताटं उचलणं, धुतलेली भांडी पुसणं, वाळलेले कपडे काढून घड्या घालणं, पाणी भरून ठेवणं, धाकट्याला शाळेपर्यंत सोडणं कारण तू तिकडेच जातेस. स्वयंपाकाच्या ओट्यावर पहिल्यांदाच हात घालू नकोस, प्रत्येक स्वयंपाकघराला एक मालकीण असते आणि तिथे नंतर ती स्वतः बोलावते. पहिल्या दिवशी तू घडी चुकीची घालशील, मुलं हसतील, आई येऊन परत घालून दाखवेल. घालू दे. तेव्हा पहिल्यांदा ती तुला काहीतरी शिकवत असते, आणि घरातल्या माणसालाच शिकवतात. दुसऱ्या दिवशी परत तेच काम, त्याच वेळेला. तिने हातातून काढून घेतलं तर हसून एक कपडा तरी घडी कर आणि जा. साधारण दोन आठवड्यात ते काम तुझं होतं.

एक मुलगा होता आमच्याकडे, फार अबोल, भाषा अजिबात जमत नव्हती. त्याने एकच केलं, रात्री झोपायच्या आधी अंगणातला दिवा घालवायचा आणि फाटकाला कडी लावायची. वडील आधी करायचे ते, एकदा त्यांना बरं नव्हतं म्हणून याने केलं आणि मग करतच राहिला. महिन्याभराने दहा वाजले की घरातून त्याच्या नावाने हाक यायची. तो परत गेल्यावर मी त्या घरी गेले तर होस्ट आई म्हणाली, तो गेल्यावर पहिले काही दिवस फाटक रात्रभर उघडंच राहिलं, सगळ्यांना वाटायचं तो लावेल. हे सांगताना तिचे डोळे भरले होते. वर्षभरात त्याची त्या घरात कोणाशी मोठी अशी एकसुद्धा गप्पा झालेली नव्हती. होस्ट घरात राहणं म्हणजे काय हे मला त्या दिवशी सगळ्यात जास्त कळलं.

आता जेवण. वाढून वाढून जबरदस्ती करतात, संपवलं नाही तर वाईट वाटतं, संपवलं तर परत वाढतात. यात एक साधी गोष्ट आहे, पहिल्यांदा कमी घे आणि दुसऱ्यांदा वाढायला जागा ठेव. वाढणाऱ्याला दुसऱ्यांदा वाढण्यात समाधान असतं, पहिल्या ताटाचं माप कोणी लक्षात ठेवत नाही. आणि आवडलेला एक पदार्थ नाव घेऊन सांग, नुसतं सगळं छान म्हणू नकोस, नाहीतर न आवडलेलंच रोज येतं, हे माझ्या बाबतीत चार महिने झालंय. जे खरंच खाता येत नाही, ॲलर्जी असो, धर्माचं असो, तत्त्वाचं असो, ते आवडत नाही अशा गोलमोल भाषेत सांगायचं नाही, कारण आवडत नाही म्हटलं की लोक आवडेल असं करून द्यायला जातात. तुझ्या संस्थेच्या कोऑर्डिनेटरकडून घरच्यांच्या भाषेत दोन ओळी लिहून घे, हे खात नाही, थोडंसुद्धा नाही, कारण हे, आणि ती चिठ्ठी आईला दे. पाच आठवडे उशीर झाला तरी चालेल. डॉक्टरने नको सांगितलंय असं खोटं मात्र सांगू नकोस, एका मुलीने सांगितलं आणि मग तिला बाहेर तेच खाताना शेजारणीने बघितलं, त्या घरात नंतर विश्वास परत यायला फार वेळ लागला.

पाण्याबद्दल संकोच करू नकोस बाई. उकळलेलं पाणी मागणं हा अपमान नाही. खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट, आणि घर समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर असेल तर तीन मिनिटं, एवढं पुरतं. स्वतःची बाटली स्वतः भर, ते पण एक काम होऊन जातं. आणि घरातलं किंवा गल्लीतलं कुत्रं चावलं, ओरखडलं तर वाईट दिसेल म्हणून गप्प बसायचं नाही, साबण आणि पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी इंजेक्शनसाठी जायचं.

कुठे चाललीस, कधी येणार. याचा तुला राग येतोय, कळतं, चोवीस वर्षांची बाई तू आणि अचानक दहा वर्षांची झालीस. पण त्यांच्या बाजूने बघ, संस्थेने तुला त्यांच्या हवाली केलंय, तुला काही झालं तर संस्था त्यांना विचारणार, गल्ली त्यांना विचारणार. तू त्यांची जबाबदारी आहेस आणि तू कुठे असतेस हे त्यांना माहीत नाही, या अवस्थेत कोणीही विचारेल. उपाय असा की त्यांनी विचारायच्या आधी तू सांग. कुठे, कोणाबरोबर, किती वाजता परत, आणि उशीर झाला तर फोन. आणि सांगितलेल्या वेळेला ये, सुरुवातीचे दोन-तीन आठवडे तरी मिनिटाचा उशीर नको. एकदा त्यांना तुझ्या वेळेचा भरवसा आला की चौकशी आपोआप कमी होते, हे मी इतक्यांदा बघितलंय की छातीवर हात ठेवून सांगते. शिवाय काही ठिकाणी तो प्रश्न प्रश्नच नसतो. इंडोनेशियात 'माउ के माना', थायलंडमध्ये 'पाय नाय', दोन्हीचा अर्थ कुठे चाललीस, आणि दोन्ही ठिकाणी तो नमस्कारासारखा वापरतात, उत्तरात इथेच जरा, एवढं पुरतं. तुझ्याकडे काय आहे ते ऐकून बघ, घरचे एकमेकांना आणि शेजाऱ्यांनाही तेच विचारतात का, आणि ते काय उत्तर देतात.

बंद दाराचं थोडं सांगते. दार लावणं म्हणजे तुझ्यासाठी विश्रांती, पण एका छपराखाली सगळे एकत्र बसणाऱ्या घरात बंद दाराचा अर्थ होतो आजारी आहे किंवा रागावलीये. तू कामावरून येऊन थेट आत जातेस तेव्हा बाहेर पाच माणसं विचार करत असतात आपलं काय चुकलं. मी सगळ्यांना एकच सांगते, आल्यावर पहिला अर्धा तास बाहेर, सगळे बसतात तिथे, बोललं नाही तरी चालेल, आणि मग सांगून आत, आता मी तासभर पडते. सांगून लावलेलं दार कोणाला लागत नाही. मुलं खोलीत येतात तर त्यांना खोलीबाहेरची एक वेळ दे, रोज वीस मिनिटं त्यांच्याबरोबर काहीतरी खेळ, मग खोलीत यायची गरज त्यांना कमी वाटते. पासपोर्ट, पैसे, औषधं कुलूपबंद बॅगेत ठेव, ते अविश्वास म्हणून नाही, लहान मुलांच्या हाताला औषधं लागू नयेत म्हणून तरी.

भाषेचं. तुला वाटतंय पाच आठवड्यात काहीच आलं नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची स्वतःची भाषा-शाळा आहे, त्यांचा हिशोब सांगते, इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला कामापुरती स्पॅनिश यायला वर्गात साधारण सहाशे ते साडेसातशे तास, आणि अरबी, जपानी, कोरियन, मँडरिन यायला बावीसशे तास. तू किती तास केलेस मोज, म्हणजे स्वतःवर एवढी चिडणार नाहीस. पुस्तकात स्टेशन कुठे आहे हे आधी शिकवतात, तुला आधी वेगळीच वाक्यं लागणार आहेत. पोट भरलं, खरंच. मी दमलेय, रागावले नाहीये. मला थोडा वेळ एकटीने बसायचंय. हे मला कळलं नाही, परत सांगा. ही चार पाठ कर, या आठवड्यात.

त्यातलं शेवटचं सगळ्यात जास्त वापर. न कळता मान हलवणं ही सवय घरात सगळ्यात जास्त घोळ घालते. एकदा एका घरातून मला फोन आला, तुमच्या मुलीने आमचा मोठा अपमान केला. झालं असं होतं की चार दिवस आधी तिला जेवताना सांगितलं होतं की रविवारी सगळे नातेवाईक जमणार आहेत, तुला भेटायला मुद्दाम येतायत, तिने छान हसून हो हो केलं, आणि रविवारी सकाळी ती मैत्रिणींबरोबर बाहेर निघून गेली. घरात वीस माणसं तिची वाट बघत बसली. तिला यातलं एक अक्षर कळलेलं नव्हतं. म्हणून कळलं नाही तर मान स्थिर ठेव, आणि दिवस आणि वेळ ऐकू आली की कागदावर लिहून दाखव, बरोबर का विचार.

आता राग. हा भाग मी जरा सविस्तर लिहिते कारण तू लिहिलंयस की परवा तू वडिलांवर आवाज चढवलास, तुझी बाजू बरोबर होती, आणि तेव्हापासून सगळे तुझ्याशी फार नम्र झालेत.

जीन ब्रिग्ज म्हणून एक मानववंशशास्त्रज्ञ होत्या, १९६३ मध्ये त्या उत्तर कॅनडात एका छोट्या इनुइट, म्हणजे तिथल्या बर्फाळ भागातल्या मूळ रहिवाशांच्या वस्तीवर गेल्या आणि एका कुटुंबाने त्यांना मुलगी म्हणून घरात घेतलं, बर्फाच्या घरात, तंबूत, सगळ्यांबरोबर एकाच ठिकाणी झोपायचं. त्या लोकांमध्ये मोठ्या माणसाने राग दाखवणं हे फार पोरकट आणि धोक्याचं समजलं जायचं. एकदा बाहेरून मासेमारीला आलेल्या गोऱ्या पाहुण्यांनी वस्तीतली एक कनू, म्हणजे छोटी होडी, वापरून मोडली आणि दुसरी मागितली. ब्रिग्ज यांना त्या कुटुंबासाठी वाईट वाटलं, त्या पाहुण्यांवर भडकल्या, दुसरी देणार नाही म्हणाल्या. त्या ज्यांच्या मुलगी झाल्या होत्या त्या वडिलांनी शांतपणे कनू देऊन टाकली. आणि त्यानंतर काही महिने त्या एकट्या पडल्या. कोणी भांडलं नाही, कोणी हाकललं नाही, खायला मिळत होतं, बोलणं अगदी गोड, फक्त कोणी त्यांच्या तंबूत येईना. आपल्याला बाजूला टाकलंय हे त्यांच्या स्वतःच्या लक्षात यायलाही वेळ लागला. शेवटी दुसऱ्या वस्तीवरच्या ओळखीच्या एका इनुइट बाईने घरच्यांना पत्र लिहून समजावलं की ती तुमच्याच बाजूने चिडली होती, आणि मग हळूहळू सगळं सुटलं.

यातून तुझ्या कामाचं काय, तर एक, अचानक वाढलेली नम्रता हा कधीकधी रागाचा आवाज असतो, तो ऐकायला शिक. आणि दुसरं, ती गाठ त्यांनी स्वतः समजावून सोडवली नाही, मधल्या माणसाने सोडवली. तू आता वडिलांना मोडक्या भाषेत समजवायला जाऊ नकोस, त्यात अजून दोन शब्द चुकतील. तुझ्या शाळेतल्या एखाद्या मोठ्या वयाच्या बाईंना, ज्या त्या घराला ओळखतात, त्यांना सांग काय झालं, आणि त्यांना घरी चहापाण्याला म्हणून घेऊन ये. माफी तुझी तू माग, छोटी, आवाजाबद्दल माग, मुद्द्याबद्दल नंतर बघू. कोऑर्डिनेटरला लगेच मध्ये आणलंस तर घरच्यांना तक्रार केल्यासारखं वाटेल, तो पत्ता मोठ्या गोष्टीसाठी राखून ठेव.

फोनबद्दल एकच. रोज रात्री दोन-दोन तास घरी व्हिडिओ कॉल चाललाय असं दिसतंय तुझ्या लिहिण्यावरून. तोडायला सांगत नाही, पण ठरवून दिवसाआड कर, आणि संध्याकाळच्या जेवणानंतरची वेळ सोड, कारण घरातल्या गप्पा, हसणं, भाषा, सगळं त्याच वेळेत घडतं आणि तू ते रोज चुकवतेस. एखाद्या कॉलवर मुलांना आणि होस्ट आईला तुझ्या आईशी हाय करायला लाव, दोन आया एकमेकींना बघून नुसतं हसल्या तरी खूप काही हलकं होतं.

आता ते महत्त्वाचं. वरचं सगळं अवघडलेपणाबद्दल आहे. पुढच्या गोष्टींत समजून घेणं, संस्कृती, थोडं थांबून बघू, काही काही नाही. घरातल्या किंवा घरी येणाऱ्या कोणीही नको तसा स्पर्श केला, रात्री खोलीत आलं, आंघोळीच्या वेळी डोकावलं, दारू पिऊन अंगावर आलं, तुझा पासपोर्ट काढून घेतला, पैशासाठी धमकावलं, मारहाण झाली, तुला किंवा तुझ्यासमोर दुसऱ्याला, तर त्याच दिवशी निघायचं. सामान नंतर येतं. आधी सुरक्षित ठिकाणी जा, मग फोन कर. तुझ्याकडे पुरावा आहे का, त्यांना वाईट वाटेल का, संस्था काय म्हणेल, याचा विचार तू करायचा नाहीयेस. मी हे जोर देऊन लिहिते कारण चांगल्या मुली घर तुटू नये म्हणून महिनोन्महिने गप्प बसलेल्या मी बघितल्यात आणि आम्ही त्यांना आधी का विचारलं नाही हे मला आजही टोचतं. आणि दुसरं, दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोज उदास, झोप नाही किंवा उठवतच नाही, जेवण तुटलं, कशातच मन नाही, जगणं नको असे विचार, हा घर बदलण्याचा विषय नाही, डॉक्टरचा आहे, संस्थेच्या मेडिकलवाल्यांना सांग, आजच.

यातलं काही नसेल तर माझं मत असं, अजून सहा आठवडे दे. सहा आठवड्यांनी पण घरात श्वास कोंडत असेल तर घर बदलून मागण्यात काहीही चूक नाही, काही जोड्या जुळत नाहीत, मी स्वतः माझं पहिलं घर सोडलं होतं. पण सोडताना भांडून नाही, कोऑर्डिनेटरने येऊन समोर बसून सांगायचं, कारण त्या कुटुंबाला त्याच गल्लीत राहायचंय आणि मुलगी का गेली हे त्यांना सगळे विचारणार. गेल्यावरही पंधरा दिवसांनी एकदा भेटायला जा. मी गेले होते, दारातून आत जाईपर्यंत पाय थरथरत होते, आणि त्यांनी माझा कप अजून त्याच जागी ठेवला होता.

होस्ट फॅमिली हा काही स्वस्तात राहायची सोय म्हणून निघालेला प्रकार नाहीये. १९३२ मध्ये डोनाल्ड वॉट यांनी अमेरिकन पोरांना युरोपात न्यायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या देशातल्या माणसांच्या घरात राहूनच माणसं कळतात हा त्या कामाचा पाया झाला. त्याच कार्यक्रमातून १९३४ मध्ये सार्जंट श्रायव्हर नावाचा अठरा वर्षांचा मुलगा जर्मनीला गेला होता, आणि १९६१ मध्ये पीस कोअर, म्हणजे परदेशात व्हॉलंटियर पाठवणारी अमेरिकेची सरकारी संस्था, सुरू झालं तेव्हा पहिला डायरेक्टर तोच. आज पीस कोअरचे लोक सत्तावीस महिन्यांसाठी जातात, त्यातले पहिले साधारण तीन महिने ट्रेनिंगचे, आणि त्या काळात बऱ्याच देशांत त्यांना होस्ट कुटुंबातच ठेवतात, कारण वर्गात न शिकवता येणारं सगळं तिथे होतं. तू आत्ता त्याच्या अगदी मध्यावर आहेस म्हणून ते जड वाटतंय.

शेवटचं, तुझ्या एवढ्या मोठ्या प्रश्नात आजीबद्दल एकच ओळ आहे, दारात खुर्ची टाकून बसते. घरातलं तिलाच फक्त कसली घाई नसते, तिला तेच वाक्य चार वेळा सांगायचा कंटाळा येत नाही, आणि घरात कोणाशी कसं वागायचं हे तिला सगळ्यात जास्त माहीत असतं. उद्या कामावरून आलीस की खोलीत जाऊ नकोस, एक स्टूल घेऊन तिच्या शेजारी बस, वही उघड, आणि रस्त्यावरून जे जे जाईल त्याच्याकडे बोट दाखवून नाव विचार.